समुद्रातले निरोप

निवृत्त झाल्यापासून आमचे हे एका परक्या ग्रहावर राहतात. कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. सगळा ग्रह म्हणजे समुद्र, आणि यान बुडालेले प्रवासी त्यात पोहत फिरतात. तिथे जांभळी झाडं दोन माळ्यांएवढी वाढतात, आतून दिवा लावल्यासारखे फ्लॉवरचे गड्डे चमकतात, आणि यांच्या मते लांबट दिसणारा प्रत्येक मासा बोंबीलच असतो. खरी खाडी जेसल पार्कला, घरापासून जवळच. तिथे चक्कर मारून या म्हटलं की मात्र गुडघे दुखतात.

खूळ मुळात मुलाचं. त्याने बँकेतली नोकरी सोडली, गेम बनवणाऱ्या कंपनीत लागला. त्यावरून घरात भांडण पेटलं आणि तो हाटकेशला भाड्याने राहायला गेला. तेव्हापासून बापलेकांचा अबोला. मग ‘एवढं आहे तरी काय त्यात’ म्हणून हे बघायला बसले ते बसलेच. मुलगाही त्याच्या भाड्याच्या खोलीतून त्याच समुद्रात उतरायला लागला. दोघं शेजारी शेजारी पोहायचे, माईक दोघांचेही बंद. बोलायला होते मी.

“अगं, त्याला फोन करून सांग, खालच्या गुहेत मोठा मासा आहे.” तव्यावरची भाकरी सोडून मी फोन करायचे. तिकडून, “पप्पांना सांग, प्यायच्या पाण्याच्या बाटल्या कपाटात ठेवल्यात.” कपाटही समुद्रातलंच. इथे घरी बाप जेवला का, हे विचारायचं नाव नाही. जीव मेटाकुटीला आला होता माझा. दोघांनी एकदा समोरासमोर बोलावं, एवढंच मागत होते.

त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. पाणी आलं की आमच्या बिल्डिंगमध्ये बाकी सगळं थांबतं, आमचे हे सोडून. मी मोरीत एकटी बादल्या भरत होते, तेवढ्यात हॉलमधून हाक आली.

“अगं, त्याला सांग लवकर. वेलीत अडकलोय, हवा संपतेय माझी.”

“माझे हात ओले आहेत. तोंड आहे ना तुम्हाला? तुम्हीच सांगा.”

मी नळ बारीक करून कान दिला. माईक चालू केल्याचा टक् आवाज झाला, मग खाकरणं ऐकू आलं, आणि, “अरे... हवा संपतेय.”

“हलू नका पप्पा. येतोय मी.”

त्यानेही माईक चालू केला होता. इतक्या महिन्यांनी त्याचा आवाज आमच्या हॉलमध्ये आला होता. बादली भरून माझ्या पायांवर वाहायला लागली तरी मी तशीच उभी.

सुटका झाली असावी, कारण लगेच वाद सुरू झाला, डावीकडे वळायला हवं होतं की उजवीकडे. तो बराच चालला. शेवटी हे मोरीच्या दारात आले.

“तो म्हणतोय, आईला सांगा, रविवारी जेवायला येतोय.”

निरोप पोचवून पोचवून मी थकले होते. माझ्यासाठीचा निरोप यांनी आणलेला हा पहिलाच.

“आधी ही बादली उचला,” मी म्हटलं.