बिजलीबहाद्दरचा पत्र्याचा मुखवटा

अरुण गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आमच्याकडे बोरीवलीला फोन नाही, शेजारच्या कुलकर्णीवहिनींकडे येतो. त्यांनी दारातून हाक मारली आणि त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. तरी मी हातातला टॉवेल पिळला, झटकला, दोन चिमटे लावले आणि मग गेले. मुलुंडहून अरुणच्या सोसायटीचे सावंतकाका बोलत होते. "ताई, अरुण ऑफिसात टेबलावरच..." मी "बरं" म्हटलं. बरं! सख्खा धाकटा भाऊ गेला आणि मी बरं म्हणाले. पाच आठवडे झाले, डोळ्यांतून टिपूस नाही. लोक म्हणतात, बाई धीराची. कसला डोंबलाचा धीर? आत काही हलतच नाही.

अरुण ड्राफ्ट्समन होता. लग्न केलं नाही, आईजवळ राहिला, तिचं शेवटचं सगळं केलं. त्याचा संसार म्हणजे बिजलीबहाद्दर. आमच्या लहानपणी एका मासिकात या बहाद्दराची चित्रकथा यायची. निळा अंगरखा, डोळ्यांवर पिवळा मुखवटा. पुढे मासिक बंद पडलं, पोरं मोठी झाली, विसरली. हा पठ्ठ्या नाही विसरला. जुने अंक, बिल्ले, काड्यापेटीवरची चित्रं, एक पतंगसुद्धा... सगळं बुटांच्या खोक्यांत, प्रत्येकावर त्याच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी. सगळ्यांत वर पत्र्याचा मुखवटा. मासिकातली बारा कुपनं पाठवली की तो मिळायचा. अरुणने त्यासाठी वर्षभर खाऊचे पैसे मासिकात घातले होते.

तो मुखवटा मी घालवला. सात वर्षांपूर्वी, गणपतीत माहेरी आले होते तेव्हा. त्यांच्या सोसायटीत सत्यनारायणाच्या पूजेनंतर लिलाव होतो. प्रत्येक घराने एक वस्तू द्यायची, बाकीच्यांनी बोली लावायची, येईल ते मंडळाला. नियम एकच, आपल्या घरून गेलेल्या वस्तूवर आपण बोलायचं नाही. देवाला दिलं ते दिलं. सावंतकाका वस्तू मागायला दाराशी आले, आई खाली पूजेच्या तयारीत, आणि माझ्या हाताला तो डाग पडलेला पत्रा लागला. "घ्या काका, पोरं खेळतील." एवढी माझी अक्कल!

संध्याकाळी नारळ झाला, मोदकांचं ताट झालं, आणि काकांनी मुखवटा उंच धरला. अरुण नुकताच ऑफिसातून येऊन मागे उभा होता, खांद्याला पिशवी. त्याचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, मी काय देऊन बसले. मी त्याला कोपर मारलं. "अरे, बोल ना काहीतरी!"

"आपल्या घरचं आहे ना गं ताई. नियम आहे."

"चुलीत घाल तो नियम! मी सांगते काकांना, माझी चूक झाली."

त्याने माझा हात घट्ट धरला. "सगळ्यांसमोर नको."

एकवार, दोनवार, तीनवार... तळमजल्यावरच्या शहांनी आपल्या लेकीसाठी, पिंकीसाठी, तो घेतला. अरुणने टाळ्यासुद्धा वाजवल्या. नंतर मी त्याला दहादा विचारलं असेल, रागावलास का रे? "छे गं!" एवढंच.

त्याचे दिवस झाल्यावर मी मुलुंडचं घर आवरत होते, तेव्हा वांद्र्याचे एक जुन्या वस्तूंचे व्यापारी आले. अरुणच्या ओळखीचे, म्हातारे गृहस्थ. एकेक खोकं उघडत, चष्मा पुसत बसले. "बाई, फार दुर्मीळ माल आहे. मोठ्या लिलावात मांडू. फक्त तो पत्र्याचा मुखवटा असता तर संच पुरा झाला असता. मी आयुष्यात एकदाच पाहिलाय." मी पायांत चपला सरकवल्या आणि तडक खाली शहांकडे गेले. लिलावाचं मला काही पडलं नव्हतं. निदान आता तरी तो मुखवटा त्याच्या खोक्यात परत जावा, एवढंच डोक्यात होतं.

पिंकी आता दहावीला आहे. तिने कपाटातून मुखवटा काढून दिला आणि मी बघतच राहिले. सात वर्षांत गंजाचा एक नवा ठिपका नाही.

"अरुणकाका तेल लावायचे ना," ती म्हणाली. "दर वर्षी गणपतीत यायचे, खोबरेल तेलाची बाटली घेऊन. इथेच खाली बसून पुसायचे. मी म्हटलं पण, काका, तुम्हीच घेऊन जा ना."

"मग?"

"नको म्हणाले. घरात दिसला की ताईला प्रत्येक वेळी आठवेल, आपलं चुकलं म्हणून."

मी मुखवटा नाकाशी नेला. मुखवट्याला खोबरेलाचा वास येत होता. गणपतीत अरुणच्या हातांना हाच वास यायचा. मी म्हणायचे, "अरे, डोक्याला किती तेल थापतोस रे!" तो नुसता हसायचा... रडू तेव्हाही आलं नाही.

वर जाऊन त्या गृहस्थांना सांगितलं, संच अपुरा आहे, अपुराच राहील, खोकी कुठेही जाणार नाहीत. त्याआधी मुखवटा पिंकीच्या हातात परत ठेवला होता. "तुझाच आहे," म्हटलं.

"मग तेल कोण लावणार?" तिने विचारलं.

गणपती पुढच्या महिन्यात आहेत. बाटली मी आणून ठेवली आहे.