संजूदादाचं पांढरं फूल

मंदाकाकू आज सकाळी गेली.
जांभळं फूल दिसलं की मला अजून तीच आठवते.

नव्वदचं दशक. मी सांगलीत कॉलेजला, राहायला आष्ट्याला काका-काकूंकडे.
त्यांचा एकुलता मुलगा संजूदादा फौजेत. पोस्टिंग अरुणाचलला. एका सुट्टीत त्याने तिकडून ऑर्किड आणलं.

काकूने लगेच कुंडीत काळी माती आणि शेणखत भरलं. ऊसवाल्या घरात दुसरं काय सुचणार!

दादा हसत सुटला. "आये, हिला माती न्हाई लागत. हवेवर जगती ही."
त्याने कोळसा आणि विटांचे तुकडे घालून कुंडी सोप्यात टांगली.
"मुळं पांढुरकी दिसली की मगच पानी. रोज घातलंस तर कुजंल."

तो असतानाच पहिली फुलं आली. पांढरी, वासाची.

पुढच्या पावसाळ्यात तिकडच्या नदीने दादाला नेलं. सापडलाच नाही.
भाऊबंद म्हणाले, पिठाचा पुतळा करून अग्नी देऊ, दिवस घालू.
काकू कडाडली, "झाड जित्तं हाय तवर दिवसाचं नाव काढायचं न्हाई कुणी!"

फुलं आली की ती एक ताट जास्त वाढायची. त्या रिकाम्या पाटासमोर आम्ही खाली मान घालून जेवायचो.

मग ती आजारी भावाला बघायला फलटणला गेली.
मागे काका. आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी, आणि लगेच ऑर्किडलाही. रोज. अगदी मायेने.
मुळं काळी पडली. झाड गेलं.

काकांनी पाचगणीच्या नर्सरीतून तसंच दिसणारं झाड आणून त्याच कुंडीत लावलं. मला एवढंच म्हणाले, "पोरी, तिला कळलं तर मरंल ती."

पुढच्या मोसमात कळी उमलली.
जांभळी.

काकूने फुलाचा वास घेऊन पाहिला.
"आवं," ती म्हणाली, "भटजींना सांगावा धाडा. संजूचं दिवस घालू."
काकांना त्यावरून ती कधी एका शब्दाने बोलली नाही.

ते जांभळं झाडही तिने हातपाय चालत होते तोवर सांभाळलं. मग माझ्याकडे सोपवलं.

आत्ता बाल्कनीत त्याला कळी आलीय.
वेडेपणा आहे, कळतं मला. तरी रोज वाकून बघते, पांढरं काही दिसतंय का.

काकू, नीट जा.
रोज पाणी घालणार नाही मी.