‘वापरात आहे’ असं समोर दिसत होतं

हे सुहासलाही माहीत नाही. सुहास म्हणजे माझा नवरा. त्याच्यापासून मला साधी चपलांची खरेदी लपवता येत नाही, आणि ही एक गोष्ट मात्र इतकी वर्षं गिळून बसले आहे. मग तुम्हाला का सांगते आहे? तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच बहुतेक. ओळखीचं माणूस समोर आलं की मी लगेच कारणं द्यायला लागते. कारणं देण्यात मी भलती पटाईत आहे.

मी ड्रायव्हर लिहिते. गाडीचा नव्हे हो — सोसायटीतल्या एका आंटींनी खरंच विचारलं होतं, “किसकी गाड़ी?” कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात बसून बाहेर जोडलेल्या यंत्राशी बोलणारा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नोएडातल्या आमच्या कंपनीत तेव्हा अंध लोकांसाठी ब्रेल डिस्प्ले तयार होत होता. लॅपटॉपला जोडायची एक लांबट पट्टी. स्क्रीनवरची ओळ तिच्यावर बारीक ठिपक्यांनी उठते, ती बोटांनी वाचायची, कळ दाबली की पुढची ओळ. त्या पट्टीचा ड्रायव्हर माझा होता. अगदी एकटीचा.

आणि अमोल. माझा मावसभाऊ. त्याला जन्मापासून दिसत नाही. साताऱ्याहून स्पर्धा परीक्षांसाठी दिल्लीला आला, आमच्याकडेच राहिला. परीक्षेत यश काही आलं नाही, पण इतिहास असा सांगायचा की सुहास ऑफिसातून आल्यावर चहा विसरून ऐकत बसायचा. बोलायला महा खट्याळ. “ताई, तुमच्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांशी माझ्या गुडघ्यांची ओळख झाली आहे, आता कृपा करून ते हलवू नका.” मी त्याला चाचणीसाठीचा एक डिस्प्ले आणून दिला. तोवर तो नोट्स कानात ऐकायचा, आणि ऐकता ऐकता बोलणार कसं? डिस्प्ले आल्यावर बोटं वाचायची आणि तोंड मोकळं. “यार ताई, आता बघ मी डोळस माणसासारखा कसा भाव खातो!”

राजेंद्र नगरातल्या स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासनं त्याला डेमो लेक्चरला बोलावलं. जमलं तर शिक्षकाची नोकरी. नाही जमलं तर परत गावी — मावशीच्या यजमानांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, तिथल्या पतपेढीत फोन उचलायची नोकरी त्याच्यासाठी बघून ठेवली होती. आंधळ्या मुलाला आणखी काय मिळणार, असं त्यांचं सरळ गणित. अमोलला त्या नोकरीचं नाव काढलं तरी राग यायचा. त्यानं लेक्चरचा विषय घेतला पानिपत. सकाळी निघताना मी त्याच्या हातावर दही-साखर घातली. दुपारी जेवणानंतरचा वर्ग आहे, हेही त्यानं सांगितलं होतं.

म्हणजे मला वेळ माहीत होती. मी स्वतःला कित्येकदा सांगितलं आहे की लक्षात नव्हतं, कामात होते, त्याचं संपलं असेल असं वाटलं. खोटं. माहीत होती.

आता थोडं कामाचं सांगावंच लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. एखादा प्रोग्राम यंत्र वापरायला लागला की ड्रायव्हर त्याची नोंद ठेवतो — एक जण आत आहे. तो बाहेर पडेपर्यंत ड्रायव्हर काढायचा नसतो. आधी नवीन काम घेणं थांबवायचं, आत आहे त्याला सांगायचं, त्याचं हातातलं पुरं होऊ द्यायचं, त्यानं सोडलं की मग काढायचं. शिडीवर माणूस असताना कोणी शिडी काढतं का? पण थांबण्यात वेळ जातो. आणि आमच्या मॅनेजरला हवं होतं, की लोकांचं काम चालू असतानाच जुना ड्रायव्हर जावा, नवा यावा, कोणाला पत्ताही लागू नये. मला ते नीट जमलेलं नव्हतं. मग मी काय केलं — जबरदस्तीची एक वाट ठेवली. नोंद काही का म्हणेना, काढून टाक. प्रोग्राम त्या क्षणी रिकामा बसला असेल तर खपून जायचं. वाचत असेल तर अख्खा कॉम्प्युटर जागच्या जागी थिजायचा. हेही मला माहीत होतं.

त्या दुपारी ऑफिसात बाहेरची मंडळी ही अदलाबदल बघायला आली होती. भिंतीवरच्या स्क्रीनवर चाचणीतल्या सगळ्या डिस्प्लेंची यादी होती; ज्याच्या-त्याच्या लॅपटॉपवर इंटरनेटवरून नवा ड्रायव्हर जात होता, एकेक डिस्प्ले हिरवा होत होता. एकच पिवळा राहिला. त्यासमोर ‘वापरात आहे’. आणि नाव — अमोल. ते नाव मीच टाइप केलं होतं. मॅनेजर माझ्याकडे बघून नुसता हसला, “अरे, ये वाला भी कर दो ना.”

मी सांगू शकले असते, सर, तो वर्गात आहे. एवढंच तर वाक्य होतं! कोणी मला नोकरीवरून काढलं नसतं. कोणी ओरडलंही नसतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, काम चालू असतानाही ड्रायव्हर बदलतो म्हणालात ना? — आणि माझं पितळ उघडं पडलं असतं. मी जबरदस्तीचं बटण दाबलं. त्याचा डिस्प्ले यादीतून गायब झाला. कोणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्या वाजल्या, त्या मी घेतल्या.

संध्याकाळी अमोल आला आणि बूट न काढताच सोफ्यावर बसला. ठिपके होते तसेच राहिले होते. कळ दाबली तरी तीच ओळ. लेक्चर हिंदीत, आणि ती ओळ ‘उसके बाद’वर संपत होती. तो ‘उसके बाद’ म्हणाला, पुन्हा ‘उसके बाद’ म्हणाला, तिसऱ्यांदा मुलं हसली. “पाठ होतं गं मला सगळं. पण बोटाखाली तेच तेच येत राहिलं, आणि डोकंही तिथंच अडकलं.” मग हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “पानिपतावर बोलायला गेलो आणि माझंच पानिपत झालं.”

इथवरचं कदाचित भेकडपणा म्हणून खपलं असतं. पुढचं नाही. त्याचं बोलणं संपायच्या आत मी विचारलं, “बंद पडायच्या आधी तू दोन कळा एकदम दाबल्यास का?”

त्या डिस्प्लेत दोन कळांनी काही होत नाही. त्याचा ड्रायव्हरच माझा आहे. पण ज्याला जन्मभर घरीदारी ‘तुझाच हात लागला असेल’ हेच ऐकवलं गेलं, त्याला एवढं पुरलं. तो म्हणाला, “असेल गं. हात थरथरत होते माझे.”

“मग तेच,” मी म्हणाले.

आणि तो — माझी माफी मागायला लागला! तुझं मशीन बिघडवलं मी, ऑफिसात तुला बोलतील का, भरून द्यावं लागेल का. मी मोठ्या मनानं म्हणाले, असू दे रे. लाज वाटते? वाटते. तेव्हा वाटली नाही, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी ड्रायव्हर दुरुस्त केला. जबरदस्तीची वाट बंद केली, थांबणं घातलं, आणि केलेल्या बदलांच्या यादीत लिहिलं — किरकोळ सुधारणा. कोणी विचारलं नाही. मला बढती मिळाली. क्लासनं अमोलला पुन्हा बोलावलं नाही. तो डिस्प्ले आमच्याकडेच ठेवून गावी गेला आणि पतपेढीत फोन उचलायला लागला. अजून उचलतो.

रविवारी तो तिथल्या वसतिगृहातल्या अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. मागच्या महिन्यात त्यानं मला एक व्हिडिओ पाठवला, कोणाकडून तरी काढून घेतलेला. मुलं ओळीनं बसली आहेत, प्रत्येकापुढे कीबोर्ड. अमोल विचारतो, मशीन अडकलं की पहिल्यांदा काय करायचं? सगळी मुलं झटकन हात वर उचलतात. का? सगळी एका सुरात ओरडतात, “कारण चूक आपल्या हाताची असते!” अमोल खूश होऊन हसतो. सांगतो, हे मला माझ्या ताईनं शिकवलं, ती दिल्लीत अशी मशीनं बनवते.

खाली त्यानं लिहिलं होतं, “बरोबर शिकवलं ना गं, ताई?”

मी लिहून पाठवलं, “एकदम बरोबर.”