फाटकावरचा कप्तान

समोरच्याच्या उंचीला येईपर्यंत तो गुडघ्यात वाकायचा. आधी डाव्या डोळ्यात बघायचा, मग उजव्या, आणि म्हणायचा, "खरं सांग, बरं आहे ना तुला? आईशप्पथ म्हण." सव्वासहा फूट उंच, पंचेचाळिशीचा माणूस. एक कान दुमडलेला, दोन्ही करंगळ्या वाकड्या. असा माणूस रोज सकाळी सात वाजता तुमच्या डोळ्यांत डोकवायला लागला, तर तुम्हीही तेच केलं असतं जे मी केलं. मी त्याच्यावर संशय घेतला.

तशी मी मुळातच संशयी. माझं कामही तेच, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहराच्या बाहेर हायवेला लागून एक भलंमोठं गोदाम आहे, त्यात कुठलं खोकं कुठल्या फळीवर आहे हे सांगणारी यंत्रणा मी सांभाळत होते. करोना आला आणि रॉटरडॅमला काम करणारे माझे सगळे मित्र घरी बसले. आमचं गोदाम मात्र एक दिवस बंद राहिलं नाही. फाटकापाशी पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या, दीड दीड मीटरवर, आणि रांगेच्या तोंडाशी सेफ्टीचा माणूस म्हणून याला उभं केलं. ताप, खोकला, काही वेगळं दिसलं की याने घरी पाठवायचं. कंत्राटी माणसाला असं दोनदा घरी पाठवलं की त्याचं पुढचं कंत्राट होईल की नाही, कुणी सांगू शकत नसे. त्यामुळे त्याच्यासमोर येताना सगळे खोकला गिळूनच येत.

बाकीच्यांशी तो इंग्रजीत बोलायचा. माझं आडनाव ऐकल्यावर पहिल्याच दिवशी हळूच "जयभीम" म्हणाला. नागपूरचा. सात वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर मेलबर्नला गेला, आणि त्याचं मराठी तिथेच सात वर्षांचं होऊन थांबलं. लहानथोर सगळ्यांना अरेतुरे. एकदा मी फाटकाबाहेर आईशी व्हिडिओवर बोलत होते, तर याने मागून डोकं घातलं आणि माझ्या पासष्ट वर्षांच्या आईला विचारलं, "तू जेवलीस का?" आईला तो फार आवडला. या माणसाच्या मनात काही खोट नाही, असं तिचं मत पडलं. फोनच्या एवढ्याशा काचेवर मन कसं दिसतं, असं मी तिला विचारलं.

कारण तोवर मला त्याच्या थापा ऐकू आल्या होत्या. तिकडे म्हणे तो एका संघाचा कप्तान होता. ऑस्ट्रेलियाचा तो वेगळाच फुटबॉल, लांबट चेंडूचा. एका बाजूला अठरा खेळाडू, मैदान क्रिकेटचं, चेंडू दुसऱ्याकडे द्यायचा तो हाताने फेकून नाही, तर मुठीने ठोसा मारून. आणि समोरच्याच्या पाठीवर गुडघा रोवून उंच उडी मारायची आणि चेंडू झेलायचा. त्याला फाउल नाही, उलट टाळ्या. माझ्या शेजारी बसणारा पुण्याचा सहकारी हे ऐकून पोट धरून हसला. दहा वर्षं पगार घेऊन खेळलो, त्यातली पाच वर्षं कप्तान होतो, असं तो सांगे. मी इंटरनेटवर शोधलं. चिखलाने माखलेल्या माणसांचा एक धूसर फोटो सापडला. त्यातला कुठलाही माणूस तो असू शकला असता, किंवा कुठलाच नाही.

"तुलाच का कप्तान केलं?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

तो म्हणाला, "मी बेस्ट नव्हतो. पण कोण दमलाय, कोण पाय दुखतो ते लपवतोय, ते मला कळायचं."

हे ऐकून तर माझी खात्रीच झाली की कुठंतरी पाणी मुरतंय. दुसऱ्याचं लपवलेलं ओळखणारा माणूस मालकांना केवढ्या कामाचा! एका डच बाईशी लग्न करून इकडे आला म्हणे, लग्न मोडलं, पण हा परत गेला नाही. का गेला नाही, ते सांगत नसे. पुण्याचा सहकारी म्हणायचा, चोराच्या मनात चांदणं. स्वतः काहीतरी केलेलं असल्याशिवाय माणूस इतरांकडे असं बघत नाही.

त्यात ती वही. रांग संपली की तो खुर्चीत बसून वहीत काहीतरी लिहायचा, आणि कुणी जवळ आलं की मिटायचा. तो आपल्याबद्दल गुप्त भाषेत लिहितो, असं एका पोलिश फोर्कलिफ्टवाल्याने मला सांगितलं. मी एकदा जाता जाता पाहिलं. गुप्त कसली, देवनागरी होती. दुसरीतल्या मुलाचं असावं तसं मोठं मोठं अक्षर, आणि एका पानाच्या वर माझं नाव. माझं डोकंच फिरलं. त्या गोदामात ती वही वाचू शकणारी माणसं होती मोजून तीन, त्यातला एक तो स्वतः.

त्या हिवाळ्यात फोर्कलिफ्टवाल्याचं आणि आणखी काही जणांचं ठरलं की याला फाटकावरून हटवायचं. इंग्रजी बरं म्हणून अर्ज मी लिहिला. तो नुसती कटकट वाटू नये म्हणून मी त्यात एक मुद्दा मुद्दाम घातला: हा माणूस कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी, त्यांना न विचारता, त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत ठेवतो. या देशात कंपन्या खासगी माहितीच्या कायद्याला किती घाबरतात, ते मला ठाऊक होतं. फोर्कलिफ्टवाल्याने पहिली सही केली. मी स्वतः अर्ज पाठवला आणि त्या रात्री छान झोपले.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडलं होतं. आमची नवी यंत्रणा त्याच दिवशी सुरू व्हायची होती, त्यामुळे घरी राहायचा प्रश्नच नव्हता. वळणावर सायकल घसरली आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. उठले, टोपी झटकली, सायकल हातात धरून चालत फाटकापाशी आले. नेहमीप्रमाणे तो वाकला.

"काय झालं?"

"कुठे काय? ठीक आहे मी."

"आईशप्पथ म्हण."

"आईशप्पथ," मी म्हणाले. आई हजारो मैलांवर, तिच्या सोसायटीत रोज कुणी ना कुणी आजारी पडत होतं, आणि मी तिची खोटी शपथ घेतली.

त्याने मला आत सोडलं नाही. मग मात्र मी भर रांगेसमोर त्याला नाही नाही ते बोलले. चमचा म्हणाले. तू कधी कशाचाच कप्तान नव्हतास, म्हणाले.

तो चिडला नाही. त्याने वही उघडून माझं पान माझ्यासमोर धरलं. त्यात ताप नव्हता, खोकला नव्हता, तक्रार तर एकही नव्हती. बॅग उजव्या खांद्यावर. गुड मॉर्निंग ती आधी म्हणते. भरभर बोलते. मास्क सारखा वर ओढते. रागावली की हसते. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता, पण मी होते ती, जशीच्या तशी.

"आज बॅग डावीकडे," तो म्हणाला. "गुड मॉर्निंग मी आधी म्हटलं. तू हळू बोलतेयस. आणि रागावलीस, पण हसली नाहीस."

मला हॉस्पिटलमध्ये त्यानेच नेलं, त्याच्या गाडीत, मला मागच्या सीटवर बसवून, सगळ्या काचा उघड्या ठेवून. मी झोपू नये म्हणून तो सारखा बोलत होता. तेव्हा त्याने मला ते सांगितलं.

त्यांच्या खेळात मोसम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाची डोक्याची परीक्षा घेत, आकडे आठवा, चित्रं ओळखा. पुढे कधी डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा. पहिल्यापेक्षा कमी गुण आले तर बाहेर बसायचं. "म्हणून पहिल्या टेस्टमध्ये मुद्दाम चुकायचं. मग नंतर सेम येतं. मीच शिकवलं सगळ्यांना. मी कप्तान होतो ना."

मोसमातल्या शेवटच्या सामन्यात त्याच्या संघातला एक बचावपटू डोक्यावर पडला. तिथेच लगेच घेतलेल्या परीक्षेत पास झाला. डॉक्टरला तरी शंका होती, म्हणून त्याने कप्तानाला विचारलं, हा नेहमीसारखा वाटतो का?

"मला दिसत होतं, की नाही वाटत. पण मी म्हटलं, हो. प्रॉमिस."

"मग?"

"मग आम्ही जिंकलो," तो म्हणाला, आणि माझे डोळे उघडे आहेत ना, ते त्याने आरशात पाहिलं.

त्याच सामन्यात पुढे बचावपटूच्या डोक्याला दुसऱ्यांदा मार लागला. आता तो बहिणीकडे असतो, शर्टाची बटणं तिला लावावी लागतात. तिकडे निवृत्त होणाऱ्या कप्तानाला सोबती खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेतात. याने ती वेळच येऊ दिली नाही, त्याच आठवड्यात खेळ सोडला. "सगळे म्हणतात, मी ठीक आहे. मी पण म्हणायचो. म्हणून मी आता कुणाचंच ऐकत नाही."

अर्जाचं मी त्याला त्या गाडीतच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. डोकं दुखत होतं हे खरं, पण ते कारण नव्हतं. मला लाज वाटत होती.

मेंदूत थोडा रक्तस्राव झाला होता. आणखी काही तास तुम्ही स्क्रीनसमोर बसला असतात तर, एवढंच बोलून डॉक्टर थांबले. करोनामुळे त्याला आत येऊ दिलं नाही, म्हणून तो बर्फात पार्किंगमध्ये उभा राहिला, संध्याकाळपर्यंत. हे मला नंतर नर्सने सांगितलं.

सात आठवड्यांनी मी कामावर परत आले. आमचा अर्ज मंजूर झाला होता. तब्येतीच्या नोंदींचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून वही त्याच दिवशी नष्ट केली, असं पत्रात लिहिलं होतं, आणि लक्षात आणून दिल्याबद्दल आमचे आभार मानले होते. त्याला दुसरं काम देऊ केलं होतं, ते त्याने घेतलं नाही. तो कुठे गेला, कुणालाच माहीत नव्हतं. त्याचा फोन लागत नाही. आई अजून अधूनमधून विचारते, तो तुझा नागपूरचा काय म्हणतो?

आणखी दोन महिने मला स्क्रीनसमोर बसायची मनाई होती. काहीतरी हलकं काम द्यायचं म्हणून कंपनीने मला फाटकावरच्या त्या रिकाम्या खुर्चीत बसवलं.

पहिल्या सकाळी रांगेत सगळ्यात पुढे फोर्कलिफ्टवाला होता. त्याचे डोळे लाल दिसत होते. मी बरं आहे ना विचारलं, तो "ओके" म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. हा माणूस दोन वर्षं माझ्यासोबत काम करत होता, आणि त्याचे डोळे रोजच असे लाल असतात की आजच आहेत, हे मला माहीत नव्हतं. मागे रांग वाढत चालली होती. मी त्याला आत सोडलं.