कुठेच न जाणारी म्हातारी

मुलांनो, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारता, "आजी, व्यायाम करतेस ना?" मी मान हलवते आणि तेवढ्यात रेंज जाते. तुमचा बाबा त्याच्या परीने सगळं सांगेलच, म्हणून माझी बाजू आत्ताच लिहून ठेवते.

मागच्या उन्हाळ्यात मी न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण जमिनीवरून उठता येईना. शेजारीण नारळ मागायला आली, तिने मला उठवलं आणि मग नारळही नेला. तुमच्या बाबाने फोनवर निकाल दिला: पुन्हा असं झालं तर घराला कुलूप आणि आई पुण्याला.

मालवणच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, गुडघे दाबले. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर सावकाश बसा-उठा, म्हणाले, आणि रोज थोडं चाला. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागता कामा नये. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तिथेच थांबायचं आणि त्यांना कळवायचं.

चालणं मला सोपं वाटलं होतं. पहिल्याच सकाळी शेजारणीने पडवीतून विचारलं, "काकीनू, खंय?"

"खंयच नाय. चालूक."

ती उठून उभीच राहिली. आमच्याकडे माणूस बाजारात जातो, देवळात जातो, मयताला जातो. कुठेच न जाणारी म्हातारी कोणी पाहिलेली नव्हती. संध्याकाळपर्यंत बातमी पुण्याला पोचली आणि तुमच्या बाबाचा फोन आला. "आई, कुठे निघालीस ते तुला सांगता येत नव्हतं म्हणे?"

मी म्हटलं, येत होतं, आणि सांगितलंही होतं. त्याला ते पटलं नाही. "चतुर्थीला येतो. बॅग भरून ठेव."

दुसऱ्या दिवसापासून शेजारीण माझ्याबरोबर चालू लागली, मी हरवू नये म्हणून. वाटभर ती सुनेविषयी बोलायची आणि मी उत्तरं द्यायचे. डॉक्टरांची अट आपोआप पाळली जायची. घरी आल्यावर ती माझी उठबस बघत बसायची.

"उठाचाच आसा तर बसतास कित्याक?"

उठायचंच तर बसायचं कशाला, हे डॉक्टरांनाच विचार, मी म्हटलं. पुढे तिने आपली खुर्ची आणली आणि माझ्या शेजारी मांडली. "काय करू, नुसता बघान कंटाळो इलो."

चतुर्थीला तुमचा बाबा आला. मोदकांसाठी मी जमिनीवर विळी घेऊन बसले, नारळ खवले. मग एक गुडघा टेकला, बाकड्यावर हात ठेवला आणि उठले. तो दारात उभा होता. पुढे केलेला हात त्याने खिशात घातला.

पडवीतून शेजारीण ओरडली, "बघलंस रे? शुद्धीवर आसत, पण आयकणत नाय कोणाचा!"

सुट्टी संपल्यावर तो एकटाच परत गेला. बॅग मी भरलीच नव्हती. डावा गुडघा अजून वाजतो. घराची किल्ली माझ्याकडे आहे.