डिम आणि लेटचे मायबाप

आमच्या नंदोईंइतकं दुसऱ्याचं डोकं खाणारा माणूस वैनगंगेच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही, हे मी शपथेवर सांगते. माझ्या धाकट्या नणंदेचे हे यजमान. गोंदियात एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि तिथं कॉम्प्युटर सोडून सगळं शिकायला मिळायचं.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत मराठी शिकवत होते. शाळेनं कॉम्प्युटर घेतले, त्यांना जाडजूड कव्हरं घातली आणि खोलीला कुलूप ठोकलं. प्रोग्रामिंगची परीक्षा जो पास होईल त्याच्या हाती किल्ली, असं हेडमास्तरांनी सांगून टाकलं. मला ती किल्ली हवी होती. पन्नाशीला टेकलेली बाई, पण कंबरेला किल्ली खोचून पीटीच्या सरांसमोरून ठुमकत जायची स्वप्नं बघत होती! वर घरचाच क्लास आहे, तर महिन्याभरात सगळं येईल, असा हिशेबही बाईंनी केला होता. हसू नका, मी पुरेसं हसून घेतलं आहे.

पहिल्या दिवशी नंदोईंनी फळ्यावर ‘डिम’ लिहिलं. प्रोग्राममध्ये एखादी किंमत ठेवायची तर आधी तिच्या जागेचं नाव जाहीर करायचं, त्यासाठीचा हा शब्द. एवढं सांगून पुढं जावं की नाही? पण नाही. “हा डायमेन्शनचा पोरगा. फोर्ट्रान नावाच्या जुन्या भाषेत अख्खं नाव होतं. आपण शिकतो त्या बेसिकच्या घरी आला, तं लाडानं डिम झाला.”

“भाऊजी, पुढची ओळ सांगा नं, लाईट जाईल.”

“घाई कायले करून राहिल्या वयनी? घरात पाहुणा आला तं त्याचे मायबाप नाई विचारत का तुमी?”

तोवर लोडशेडिंग. दुसऱ्या दिवशी ‘लेट’, म्हणजे जाहीर केलेल्या जागेत किंमत ठेवायचा शब्द. हा म्हणे गणितवाल्यांकडून आला, त्यांच्या ‘समजा क्ष बरोबर पाच’ मधला ‘समजा’. “कॉम्प्युटरले हुकूम नाई देत आपण, विनंती करतो,” असं म्हणून ते विनंतीवर इतकं बोलले की लाईट पुन्हा गेली. पास्कल नावाच्या आणखी एका भाषेतल्या ‘व्हार’पर्यंत पोचेतो महिना उलटला आणि माझा प्रोग्राम पहिल्याच ओळीवर उभा.

बरं, हे क्लासपुरतं असतं तर सोसलं असतं. एकदा कोहमाऱ्याला एसटी आली, तर त्यांनी खिडकीतून सीटवर आपल्या गळ्यातला दुपट्टा टाकला आणि चढायचं सोडून मला समजावत बसले, “पायलं? याले म्हणते डिम. जागा ठरली, माणूस मागून बसन.” माणूस बसला, पण दुसराच. दुपट्टा त्यानं घडी करून खिडकीतून परत दिला. गोंदियापर्यंत मी उभी, आणि कानाशी फोर्ट्रान.

परीक्षेत पाच पोरांच्या मार्कांची सरासरी काढायची होती. मी एका बोटानं टायपत होते आणि दर ओळीआधी श्रद्धेनं ‘लेट’ लिहीत होते. वेळ संपली, सरासरी निघालीच नाही. नागपूरहून आलेला परीक्षक, माझ्या पोराच्या वयाचा, वाकून म्हणाला, “मॅडम, ये लेट कायको लिखा हर जगह? आजकल कोई नहीं लिखता. उसके बिना भी चलता है.”

नापास. किल्ली पीटीच्या सरांकडे गेली, आणि त्यांनी त्या खोलीत व्हॉलीबॉलचं जाळं ठेवलं. मी तशीच माडी चढून गेले.

“भाऊजी, तुमच्या लेटनं माझी किल्ली नेली!”

ते डस्टर झटकू लागले. मग म्हणाले, “नाई लिवला तं चालते, म्हणून घराबाहेर काढाचं का त्याले? परत येईन तो, वयनी.”

“त्याची वाट बघत बसा मग!”

पुढच्या वर्षी दुसऱ्या क्लासला जाऊन मी पास झाले, किल्ली मिळवली. पोरांना कोणाचेही मायबाप न सांगता सरळ प्रोग्राम शिकवले. नंदोईंची माडी हळूहळू रिकामी झाली. ते जवळच्या मुर्री गावाला राहायला गेले.

मी निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाल्यावर पुण्याहून नातीचा फोन आला. कॉम्प्युटरच्याच कामात आहे ती. “आजी, आमच्या भाषेत नाव जाहीर करायला नवीन शब्द आलाय. लेट!” चहाची बशी मी तशीच खाली ठेवली.

ऑटो केला आणि मुर्री गाठली. क्लासची जुनी पाटी कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथी होती. नंदोईंना आता ऐकू कमी येतं, म्हणून मी अंगणातूनच ओरडले, “भाऊजी, लेट परत आला!”

वाटलं, आता ‘मी म्हटलं नवतं का’ ऐकावं लागणार. ते बाजेवर ताठ बसले. “कोणाच्या घरी आला? आता काय करते?”

नातीनं सांगितलं होतं तेवढं मी सांगितलं. आता तो नाव जाहीर करतो, आणि महिरपी कंसात केलं तर ते नाव त्या कंसापुरतंच.

“आन् कंसाच्या बाहेर?”

“बाहेर त्याला कोणी ओळखत नाही.”

त्यांनी खुराड्यावरच्या पाटीकडे पाहिलं. मग बाज थोपटून म्हणाले, “बसा वयनी. हा तो नवे. पण खानदान एकच दिसते. पयलेपासून सांगतो.”

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मी फाटकाशी गेले, त्याला जायला सांगितलं आणि परत येऊन बाजेवर बसले.