उसवणारा साडभाऊ

सन एकोणीसशे चोपन्न. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो, आणि हाती घेतलेलं काम पुरं न करताच सुखानं जेवणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच होता. तो नेमका माझा साडभाऊ निघाला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सेलूकडे रेल्वेच्या एका फाटकावर तो नोकरीला होता. गाडी आली की फाटक लावायचं, गेली की उघडायचं, आणि मधला सगळा वेळ मौज करायची, असं मी चारचौघांत म्हणत असे. मी पवनारच्या अलीकडचा, धाम नदीकाठचा कास्तकार. शिकलो दुसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की माझा बैल आजही बसतो. पण अंबाडीची दोरी वळण्यात आणि बाज विणण्यात माझा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि हे मी सांगतो म्हणून नव्हे, माझ्या बाजेवर झोपलेला कोणीही सांगेल. सांगेल म्हणजे, विचारलं तर सांगेल. आपण होऊन मात्र आजवर कोणी सांगितलं नाही, आणि माझं सगळं दुखणं तिथंच होतं.

कारण माझी बायको माहेराहून परत आली की आठ दिवस घरात पुराण चाले ते साडभाऊचं. त्यानं आता हे केलं, तो आता ते शिकला. तो वाचायचा, म्हणजे पोथीबिथी नव्हे. किराण्याच्या पुड्या बांधून येत त्या कागदांवर जे छापलेलं असे ते. जिरं डब्यात आणि कागद मांडीवर. त्यात कुठल्या कादंबरीचं एखादं पान सापडलं की फाटकाशी खोळंबलेल्या गाडीवानांना तो ते मोठ्यानं वाचून दाखवी. एकदा मी कापसाची गाडी घेऊन सेलूच्या बाजाराला निघालो होतो. आगगाडी धडधडत निघून गेली, फाटक उघडलं, तरी पुढच्या तीन बैलबंड्या जागच्या हलेनात. कोण्या बाईला परगावाहून चिठ्ठी आली होती, तिनं ती फोडली होती, आणि नेमकं तिथंच पान संपलं होतं.

"मंग? का लिवलं होतं चिठ्ठीत?" पुढचा गाडीवान म्हणाला.

"पुढचं पान दुसऱ्या कोनाच्या हळदीले गेलं असंन," साडभाऊ म्हणाला. "आता तुमीच सांगा का लिवलं असंन थे."

झालं, वाद पेटला. मी मागून ओरडलो, "मेली थे बाई! हाका आता बंड्या!" तर हा पठ्ठ्या फाटक सोडून धावत माझ्या गाडीपाशी आला आणि म्हणाला, "वा साडभाऊ! हे तं कोनाच्या डोक्यातच नाई आलं!" पुढं महिनाभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की माझ्या साडभाऊनं त्या बाईला मारून टाकलं. आणि लाज वाटते सांगायला, पण सेलूहून परतताना सगळ्या वाटेनं मी त्या बाईला पुन्हा जिवंत कसं करता येईल याचाच विचार करत आलो. घरी आल्यावर मला स्वतःचाच राग आला आणि तो मी भाजीवर काढला.

त्या सगळ्या पानांचं एक पुस्तक बांधावं असं एकदा त्याच्या मनानं घेतलं. ज्वारीच्या पिठाची खळ करून त्यानं पानं चिकटवली, पुठ्ठा लावला, वाळायला उन्हात ठेवलं, आणि गाईनं ते खळीच्या वासानं अर्धं खाल्लं. दुसरा कोणी असता तर कपाळ बडवून घेता. हा गाईच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, "आता शेवट हिलेच मालूम." आणि हे वाक्य माझ्या बायकोनं माझ्या घरात येऊन इतक्या वेळा हसत सांगितलं की मला वाटे, आपलीही एखादी गाय काहीतरी खाईल तर बरं. पण आमच्या गाई आमच्यासारख्याच. कडबा सोडून तोंड लावत नसत.

आणि त्याचं ते विणणं! आमच्या भागात पुरुषानं ओट्यावर बसून टकळी फिरवणं तेव्हा मोठं मानाचं. भलेभले सूत कातत. पण साडभाऊ दोन सुया घेऊन बसला तेव्हा लोक हसले. दवाखान्यातली एक नर्सबाई सायकलवरून त्या फाटकानं जात-येत असे. तिच्याकडून तो हे शिकला. सायकलच्या चाकाच्या तारा घासून त्यानंच सुया केल्या. मी त्याला तोंडावर म्हणालो, "हे बायाचं काम कायले करता जी?" तर तो म्हणाला, "साडभाऊ, कातनं मानसाचं अन् इननं बाईचं, तं मंग त्या धाग्याले कुठून मालूम पडते का आता लुगडं नेसाचं हाये?" याचं उत्तर मला सुचलं ते घरी आल्यावर, आणि तेही काही खास नव्हतं.

लोकर त्याच्यापाशी एकच होती. कोण्या गार्डानं दिलेला जुना लाल स्वेटर. तो त्यानं उसवला आणि त्याची टोपी केली. टोपी उसवून गळपट्टा केला. गळपट्टा उसवून कंदिलाला अंगरखा केला, त्याला जळका वास येऊ लागला म्हणून तो उसवून बकरीसाठी पट्टा केला. दर वेळी नवा टाका, नवी नक्षी, आणि नक्षी जमली रे जमली की दोन दिवस तिच्याकडे बघत बसायचं आणि मग एक टोक धरून सर्रकन ओढायचं. माझी साळी, म्हणजे त्याची बायको, बिचारी म्हणायची, "आमच्या घरचं सुटर पाहूनच ऊब घ्या लागते." एकदा उसवलेली लोकर धुऊन त्यानं फाटकाच्या कठड्यावर वाळत घातली, तर लाल रंग पाहून मालगाडीच्या ड्रायव्हरनं शिट्ट्या मारमारून गाव उठवलं. साडभाऊ हिरवं निशाण हलवत ओरडत होता, "येऊ द्या, येऊ द्या, बकरीचं हाये!"

हे सगळं मी सहन केलं. तो वाचे त्याचं मला येत नव्हतं, तो विणे त्याची मला लाज वाटे, तेव्हा जळलो तरी आतल्या आत. पण त्या साली वैशाखात तो माझ्या बांधावर चढला. आमच्या सासऱ्यांची बाज लग्नापासून चौदा वर्षं मीच विणत आलो होतो. त्या घरात माझा मान होता तो तेवढाच. धाकट्या जावयाला गोष्टी येत, गमती येत. थोरल्याला बाज येते. सासऱ्यांची कंबर धरली होती, जुनी बाज सैल झाली होती, आणि मी निरोपाची वाट पाहत दोरी वळून तयार बसलो होतो. निरोप आला तो बायकोच्या तोंडून. "आवं, बाबाची बाज यंदा लहान जवाई सुटी काढून करून राह्यले. फुलं काढून राह्यले म्हनते बाजीवर!"

त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता. सासरी सगळे बाजाराला जाणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी बंडी जुंपली आणि भर उन्हात तिथं पोचलो. अंगणात लिंबाखाली बाज उभी होती, पाऊण विणलेली. सासरे ओसरीत चटईवर तोंडावर दुपट्टा टाकून निजले होते. साडभाऊ दोरी आणायला गेलेला. मी बाज पाहिली. त्यात फुलं होती, वाकडी, एकाला पाच पाकळ्या तर दुसऱ्याला सात. ताण कुठंच सारखा नव्हता. महिनाभरात झोळी होणार हे पोरालाही कळलं असतं. आणि तरी माझी नजर तिच्यावरून निघेना. माझ्या चौदा वर्षांच्या बाजांकडे कोणी असं उभं राहून पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मी छपराला खोचलेला विळा काढला आणि पहिली गाठ धरली.

"गाठी कापू नका, जवाई," दुपट्ट्याखालून आवाज आला. "दोरी वाया जाते. सोडा."

मी वळून पाहिलं. दुपट्टा तोंडावर तसाच होता. मी विळा खाली ठेवला. परत जावं तर पाय उचलेना, कारण एवढं होऊनही मला ती बाज तिथं नकोच होती. मग मी हातानं सोडू लागलो. एक ओळ सोडली, दुसरी सोडली. उसवायचं तर दुसऱ्याच्या हातामागं उलट्या पावलानं चालावं लागतं. इथं तो चुकला, इथं त्याला कळलं, इथं त्यानं सुधारायला घेतलं आणि मग ती चूकच त्याला आवडली आणि तिची सातवी पाकळी केली. दोरीत सगळं उतरलं होतं. दोरी मला वाचता येत होती. मी बसलो आणि वाचत गेलो, ऊन कलल्याचंही मला कळलं नाही.

अंगणाच्या दाराशी पाऊल वाजलं. डोक्यावर दोरीचं बिंडं घेऊन साडभाऊ उभा होता. अर्धी बाज उसवलेली, दोरीचं वेटोळं माझ्या खांद्यावर, विळा पायाशी. मी तोंड उघडलं, पण त्याआधी त्याचाच चेहरा फुलला.

"साडभाऊ! तुमालेही राहवलं नाई ना? मी म्हनलं, दोन दिवस पाहीन अन् मंग उसवीन. तुमी तं माह्याहून उतावळे निंगाले!"

त्याच्या मनात दुसरं काही आलंच नाही. माणूस उसवतो तो मजेनंच, एवढंच त्याला ठाऊक. मी ओसरीकडे पाहिलं. साडभाऊनंही हाक दिली, "मामाजी, पाह्यलं का, केवढं उसवलं यायनं?"

"मी तं झोपलो होतो बाप्पा," दुपट्टा म्हणाला.

आम्ही दोघं बाजेला बसलो. तो आतून दोरी द्यायचा, मी बाहेरून ओढायचो. थोड्या वेळानं तो थांबला, माझ्या मुठीकडे पाहू लागला आणि म्हणाला, "हे ताणता कसं जी तुमी? आंगठा कुठी ठेवता? हळू करा, मले पाहू द्या." चौदा वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. मी अंगठा दाखवला. दोनदा दाखवला. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नव्हतं तरी दाखवला. दिवे लागायच्या आत बाज झाली. फुलं त्याची, ताण माझा, आणि एका फुलाला सात पाकळ्या, त्या मीच ठेवायला लावल्या. सासरे तिच्यावर आडवे झाले, कंबर इकडून तिकडून हलवून पाहिली आणि म्हणाले, "आता दोघंही घरी जा. मी हाये तवरोक कोनी उसवू नका."

त्या दुपारी मी खरा कशासाठी आलो होतो ते साडभाऊला मी कधी सांगितलं नाही. पुढं त्याची बदली नागपूरकडे झाली. कधी भेटायला गेलो तर फाटकाशी थांबलेल्या लोकांना तो माझी ओळख करून देई, "हे माह्ये साडभाऊ. दिसतात साधे, पन उसवाले माह्याहून वस्ताद." लोक हसत, मीही हसे, आणि सांगायचं ते पुढच्या भेटीवर ठेवी. गेल्या साली तो गेला. आता सांगायला सासरेही नाहीत. ज्याचा हेवा करावा असा माणूस गेला की घर फार ओस वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं.

चोपन्नच्या त्या संध्याकाळी, सासऱ्यांची बाज विणून झाल्यावर, बंडी हाकत मी घरी आलो आणि निजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी माझी स्वतःची बाज अंगणात काढली. चार वर्षांची, एक दोरी इकडची तिकडे झाली नव्हती. पायथ्याची गाठ सोडली तशी बायको चुलीपाशी होती ती धावत आली. "काऊन जी? चांगली तं हाये!"

"हाये चांगली," मी म्हणालो, आणि टोक धरून ओढलं.